शेजारची खुर्ची

२०२५ च्या फेब्रुवारीतला एक मंगळवार. बाहेर इथला तो चिकट पाऊस, आणि लायब्ररीत एक गृहस्थ आले, बासष्ट-त्रेसष्टचे असतील, हातात कापडी पिशवी. पिशवी टेबलावर उपडी केली तर नुसती पाकिटं. तपकिरी, खिडकीवाली, सरकारी, बरीचशी फोडलेलीसुद्धा नव्हती. पण लावलेली मात्र नीट, महिन्यामहिन्याचे गठ्ठे करून, आणि प्रत्येक गठ्ठ्याला लाल रबरबँड. इथले पोस्टमन पत्रांच्या जुड्यांना लाल रबरबँड लावतात आणि वाटप करता करता ते फुटपाथवर पडतात, ते ह्यांनी वेचून आणलेले. मला आधी कळेना की जी पाकिटं फोडायचीच नाहीत ती एवढी जपून कशाला ठेवायची, मग हळूहळू लक्षात आलं की फेकायची भीती आणि उघडायची त्याहून मोठी भीती, ह्या दोन्हींच्या मधे अडकलेला माणूस गठ्ठेच बांधणार, दुसरं करणार काय.

मी इंग्लंडमधे लेस्टरशायरच्या एका छोट्या गावात राहते, गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण छोट्या गावात कोण कुणाबद्दल लिहितंय ते लगेच कळतं. दर मंगळवारी दुपारी दोन ते चार मी लायब्ररीतल्या एका टेबलाशी बसते, लोकांना ऑनलाइन फॉर्म भरायला मदत करायची एवढंच काम, पगार नाही हुद्दा नाही. बसपास, पासपोर्ट, डॉक्टरची अपॉइंटमेंट असं काय काय असतं, पण निम्म्याहून जास्त लोक येतात ते युनिव्हर्सल क्रेडिटसाठी. म्हणजे नोकरी गेलेल्यांना, कमी पगारवाल्यांना, आजारपणामुळं काम न करता येणाऱ्यांना सरकार जे पैसे देतं ते. आधी ह्याचे सहा वेगवेगळे भत्ते होते, २०१२ च्या कायद्यानं ते एकत्र करायचं ठरलं आणि २०१३ च्या एप्रिलमधे मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन गावातून सुरुवात झाली. ह्या सगळ्याचं तोंड म्हणजे जॉबसेंटर. तिथं काम शोधायचं, तिथंच भत्त्यासाठी हजेरी लावायची, आणि चुकलात तर तिथूनच पैसे कापले जातात.

पाकिटं फोडत फोडत आम्ही तिसऱ्या गठ्ठ्यापर्यंत आलो तेव्हा ते पत्र सापडलं. मायग्रेशन नोटीस. ह्या गृहस्थांना आजारपणाचा जुना भत्ता मिळत होता, ईएसए म्हणतात त्याला, आणि ज्यांना ईएसए उत्पन्न बघून मिळत होता त्या सगळ्यांना सरकार तेव्हा युनिव्हर्सल क्रेडिटवर नेत होतं. खरं तर २०२२ मधे सांगितलं होतं की ह्या लोकांना २०२८ पर्यंत हात लावणार नाही, मग २०२४ मधे ठरलं की नाही, आत्ताच करायचं, आणि त्या सप्टेंबरपासून पत्रं सुटली. पत्रात एक तारीख असायची, पत्राच्या तारखेपासून तीन महिन्यांची. तोपर्यंत तुम्ही स्वतःहून नवा अर्ज करायचा. आपोआप काही होत नव्हतं. अर्ज नाही केला तर जुना भत्ता बंद. म्हणजे बघा, वर्षानुवर्षं ज्यांना सरकारनंच कागदावर लिहून दिलंय की तुम्ही काम करू शकत नाही, त्यांनाच सांगायचं की आता ऑनलाइन जाऊन खातं उघडा. ह्यांच्या तारखेला एकोणीस दिवस उरले होते.

मी त्यांना म्हटलं, हे पत्र तुम्ही वाचलंत का? ते म्हणाले, चष्मा घरी राहिला, मि डक. 'मि डक' म्हणजे लेस्टरच्या बाजूचं लाडाचं बोलणं, आपल्याकडं 'बाळा' म्हणतात तसं, कुणालाही म्हणतात. आणि त्या चष्मा घरी राहिला वाक्यानं माझ्या पोटात कालवलं. माझी आजी इचलकरंजीत बँकेत जायची तेव्हा दर वेळी हेच म्हणायची. चष्मा घरी राहिला गं, तूच भर की स्लिप. आजीकडं चष्मा नव्हताच. तिला वाचता येत नव्हतं आणि ते चारचौघांत सांगायचं नव्हतं. मी नववी-दहावीत असेन तेव्हा मला ते कळलं, आणि मग मीच घरून निघताना म्हणायला लागले, आजी चष्मा राहू दे, मी भरते. त्यामुळं ह्या काकांना मी पुढं काही विचारलं नाही. मी म्हटलं, मी वाचते मोठ्यानं, तुम्ही ऐका. त्यांनी डावा कान माझ्याकडं केला. उजव्यानं कमी ऐकू येत होतं, कारखान्यातल्या आवाजानं गेला म्हणाले.

कारखाना म्हणजे होजिअरीचा. हा सगळा भाग मोजे-बनियनांचा, हिंकली, लेस्टर, शेकडो वर्षांचा धंदा, आणि आमच्या डोळ्यादेखत जवळजवळ संपला. काका निटिंग मशीन दुरुस्त करायचे, आमच्या इचलकरंजीच्या भाषेत जॉबर. आमच्याकडं मागवाला आणि जॉबर ह्यांच्यात जॉबरचा मान मोठा, कारण माग बंद पडला की सगळे त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. मी त्यांना तसं सांगितलं, माझे वडील मागावर होते, आमच्याकडं तुमच्यासारख्या माणसाला जॉबर म्हणतात, तर पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि सांगायला लागले, सुईचा हुक वाकला तर कापडावर उभी रेघ कशी उमटते, आणि ते नुसत्या आवाजावरून कसं कळायचं. एवढं येणारा माणूस. आणि ईमेलचा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा हात असा थरथरत होता की मी कीबोर्ड माझ्याकडं ओढून घेणार होते, पण नाही घेतला. बोट सावकाश खाली यायचं, अक्षर सापडेपर्यंत हवेत थांबायचं.

तो पहिला मंगळवार नुसता ईमेल काढण्यात गेला. ईमेलला फोन लागतो, फोनवर कोड येतो, त्यांचा फोन बटणांचा, त्याच्यात कोड आला तो वाचेपर्यंत मुदत संपली, परत कोड. मग सिक्युरिटीचे प्रश्न. मग युनिव्हर्सल क्रेडिटचं खातं, त्याच्यात जर्नल नावाची वही असते, तिच्यात ऑफिसकडून निरोप येणार, आणि तो निरोप बघून वेळेत उत्तर द्यायचं ही तुमची जबाबदारी. घरी कॉम्प्युटर नाही, लायब्ररी आठवड्यातून तीन दिवस उघडी. निरोप शुक्रवारी आला तर?

फोनवरून अर्ज करायची सोय आहे हं. हे मी ठळकपणे सांगते कारण कित्येक लोकांना माहीतच नसतं. फोनवर क्लेम करता येतो, अगदीच बाहेर पडता येत नसेल तर घरी माणूस येऊ शकतो, २०१० च्या इक्वालिटी कायद्यानं अपंग किंवा आजारी माणसासाठी नेहमीच्या पद्धतीत बदल करून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, अपॉइंटमेंटला सोबत कुणालाही नेता येतं. आणि त्या पत्रातली तारीख गाठता येत नसेल तर तारखेच्या आधी फोन करून, कारण सांगून मुदत वाढवून मागता यायची. कागदावर हे सगळं आहे. पण प्रत्येक गोष्ट 'मागता येते' अशी आहे. मागायला आधी ती आहे हे माहीत पाहिजे, मग फोन धरून बसायला पाहिजे, मग आपली अडचण परक्या माणसाला शब्दांत सांगता आली पाहिजे. आणि ज्याला हे सगळं जमतं तो मुळात इतका अडलेला नसतो.

इथं ह्या लोकांसाठी एक शब्द आहे, व्हल्नरेबल. सरकारी भाषेत 'कॉम्प्लेक्स नीड्स' असंही म्हणतात. मी पुष्कळ वेळा मनात मराठी शब्द शोधलाय. दुर्बल म्हणावं तर काका दुर्बल नाहीत, असुरक्षित म्हटलं की रात्रीचा रस्ता आठवतो, निराधार तर आपल्याकडं योजनेचंच नाव झालंय, संजय गांधी निराधार, १९८० पासूनची. मला वाटतं 'अडलेला' हाच खरा शब्द. अडलेला माणूस. त्याच्यात माणसाला कमीपणा नाही, वाट कुठंतरी अडली आहे एवढंच आहे, आणि कुणी दगड बाजूला केला तर तो चालणारच आहे.

आमच्या गावाला आधी स्वतःचं जॉबसेंटर होतं, हाय स्ट्रीटवर, चालत जाण्याच्या अंतरावर. २०१८ ला बंद झालं. आता तिथं खालच्या मजल्यावर जिम आहे. हे एकट्या आमच्या गावाचं नाही. १९९८ मधे सरकारनं ह्या खात्याच्या इमारतींचा वीस वर्षांचा करार एका कंपनीशी केला होता, तो २०१८ च्या मार्चअखेर संपत होता, आणि त्या निमित्तानं २०१७ मधे ठरलं की देशातल्या सातशेच्या वर जॉबसेंटरांपैकी साधारण दहातलं एक कमी करायचं. ग्लासगोत तर सोळापैकी आठ बंद करायचा प्रस्ताव होता, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा दोन वाचली, सहा गेली. निकष काय लावला, तर नवं ऑफिस तीन मैलांच्या आत किंवा बस-ट्रेननं वीस मिनिटांच्या आत असेल तर लोकांना विचारायचीसुद्धा गरज नाही. अंतर मोजायला गूगल मॅप्स वापरल्याचं नंतर बाहेर आलं. नकाशावर वीस मिनिटं असतीलही. पण नकाशाला तासाला एकच असलेली बस चुकलेली दिसत नाही, गुडघे दिसत नाहीत, बाबागाडी घेऊन दोन बस बदलणारी बाई दिसत नाही. आणि उशीर झाला तर, अपॉइंटमेंट चुकली तर, सँक्शन. सँक्शन म्हणजे तुमची मूळ रक्कमच कापायची, काही दिवस, काही आठवडे. एक काळ असा होता की २०१२ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं कापता यायची, २०१९ मधे ती मर्यादा सहा महिन्यांवर आणली.

काकांना आजारपणामुळं काम शोधायची सक्ती नव्हती, पण ओळख पटवायला त्यांना जावंच लागणार होतं, कारण ऑनलाइन त्यांची ओळख पटेना. मी म्हटलं, मी येते सोबत. ते म्हणाले, नको, कशाला तुझा दिवस घालवतेस. आणि मग बस स्टॉपवर मला बघून त्यांचा चेहरा असा सैल झाला की काय सांगू.

बसमधे ते बोलले नाहीत. पिशवी मांडीवर, तिच्यात आता फक्त चार पाकिटं, लागणारी, मी वेगळी काढून दिलेली. दाराशी सिक्युरिटी गार्ड, नाव विचारलं, यादीत बघितलं, बसा म्हणाला. गार्ड चांगला होता, त्यानं काकांना रेडिएटरजवळची जागा दिली. पस्तीस मिनिटं बसलो. काकांना प्रोस्टेटचा त्रास, त्यांना जायचं होतं, आणि लोकांसाठी टॉयलेट तिथं नव्हतं. समोरच्या सुपरमार्केटमधे आहे म्हणाले. आता जायचं म्हणजे आपलं नाव पुकारलं तर? ते गेले नाहीत. पाय जवळ घेऊन बसून राहिले, हात पिशवीच्या बंदांवर. मी ती पस्तीस मिनिटं विसरणार नाही. नंतर मी रीतसर पत्र लिहून हे कळवलंय, उत्तर आलेलं नाही, मी परत लिहीन.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. वर्क कोच म्हणजे आपली केस बघणारी व्यक्ती, ती तरुण मुलगी होती, पंचविशीची असेल, बोलायला मायेची. साधी हजेरीची अपॉइंटमेंट बहुतेक दहा मिनिटांची असते, तिनं काकांना त्याहून जास्त वेळ दिला. पासपोर्ट नव्हता तर इतर कागद बघितले, मागच्या पत्त्यांचे प्रश्न विचारले. आणि मग विचारलं, तुमचं कसं चाललंय, घरी सगळं ठीक? काका हसून म्हणाले, ठीक आहे, मि डक. काही अडचण? नाही नाही. खाण्यापिण्याचं? मस्त.

मला माहीत होतं की मस्त नाहीये. आदल्या मंगळवारी ते बोलता बोलता बोलून गेले होते की मीटरमधे दीड पौंड उरलाय. इथं गरीब घरांतून विजेचं प्रीपेड मीटर असतं, दुकानात किल्ली नेऊन पैसे भरायचे, संपले की अंधार. ते संध्याकाळी पाचलाच अंथरुणात जात होते, उजेड आणि हीटर दोन्ही वाचवायला. ब्रेड आणि टिनमधल्या बीन्स, बीन्ससुद्धा गार. हे त्यांनी त्या मुलीला का सांगितलं नाही? ती वाईट नव्हती. तिनं विचारलं होतं, मनापासून विचारलं होतं. पण आयुष्यभर मशीन दुरुस्त केलेल्या माणसाला सरकारी टेबलासमोर बसून मी उपाशी आहे असं म्हणता येत नाही. आपल्याकडं तरी येतं का? पाहुण्याला कसं चाललंय विचारलं की बरं चाललंय हेच उत्तर, घरात काही का असेना.

मी गप्प बसले. खूप जड गेलं गप्प बसणं, पण ते माझ्या तोंडून जायचं नव्हतं, त्यांचं होतं ते. मग काकांनी माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. त्यांनी खिशात हात घातला आणि विजेची ती निळी किल्ली काढून टेबलावर ठेवली, काही न बोलता. आणि मला म्हणाले, तू सांग.

मग मी सांगितलं. तिनं सगळं टाइप करून घेतलं, अ‍ॅडव्हान्स देता येईल म्हणाली, फूडबँकेची चिठ्ठी दिली, त्यांच्या नावापुढं नोंद केली की ह्यांना पत्र आणि जर्नलवर भागणार नाही, फोन करा, आणि उजव्या कानानं कमी ऐकू येतं हे लक्षात ठेवून सावकाश बोला. पूर्वी घरभाडं कौन्सिल परस्पर घरमालकाला द्यायची, आता ते पैसे महिन्याला एकदा ह्यांच्याच खात्यात येणार, ते परस्पर पाठवायचं का हेही तिनंच विचारलं. मी बसले होते ती शेजारची खुर्ची रिकामी असती, काका एकटे असते, तर फाइलमधे लिहिलं गेलं असतं: ठीक आहे, अडचण नाही. आणि ते खोटंही म्हणता आलं नसतं.

म्हणून मला आता सारखी ती शेजारची खुर्ची दिसते. समोरची खुर्ची नव्हे, शेजारची. समोर माणूस आहे, नियम आहे, पैसाही आहे. शेजारी कुणी नाही. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, ही खुर्ची एकदा देऊन परत काढून घेतलेली आहे. २०१९ च्या एप्रिलमधे सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ह्या लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेकडं 'हेल्प टू क्लेम' नावाची सेवा सुरू झाली होती, सरकारच्याच पैशानं. अर्ज करण्यापासून पहिला पैसा हातात पडेपर्यंत माणूस तुमच्यासोबत, हवं तर समोरासमोर बसून. २०२२ च्या एप्रिलपासून त्यातलं समोरासमोर बसणं बंद केलं, आता फोन आणि चॅट. फोनवरची माणसं चांगली आहेत, मी त्यांना कितीदा फोन करते. पण फोनवर निळी किल्ली टेबलावर ठेवता येत नाही.

तसंच ते संमतीचं. तुमच्या वतीनं कुणी फोन केला तर आधी तुमची स्पष्ट परवानगी लागते, कुणाला आणि कशाबद्दल, ते जर्नलमधे लिहायचं किंवा स्वतः फोनवर येऊन सांगायचं. नियमामागचं कारण मला पटतं, कुणीही उठून कुणाच्या पैशाची चौकशी करू नये. पण काका फोनवर आले, समोरच्यानं सुरक्षेचे प्रश्न विचारले, ह्यांना ऐकू आलं नाही, चुकीचं उत्तर गेलं, फोन संपला. मी शेजारीच बसलेली.

आमच्या इथून तासाभरावर नॉटिंगहॅम. २०१८ च्या जूनमधे तिथं घर रिकामं करून घ्यायला आलेल्या बेलिफांनी दार फोडलं तेव्हा आत एक सत्तावन्न वर्षांचा माणूस मरून पडला होता. वजन तीस किलोच्याही आत. घरात खायला माशांचे दोन डबे, तारीख उलटून चार वर्षं झालेले. मानसिक आजार होता, तो तपासणीला गेला नाही म्हणून २०१७ च्या ऑक्टोबरात त्याचा भत्ता बंद केला होता. बंद करायच्या आधी त्याच्या दारावर दोनदा माणूस जाऊन आला होता, दार उघडलं नाही, नियम पुरा झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. कारण दार न उघडणं हाच तर त्याचा आजार होता. माझ्या टेबलावरचा लाल रबरबँडचा गठ्ठा आणि ते न उघडलेलं दार, मला एकाच घरातल्या गोष्टी वाटतात.

हे असं होण्यासाठी ही ऑफिसं उघडली नव्हती. १९०९ मधे कायदा झाला, १ फेब्रुवारी १९१० ला ब्रिटनमधे पहिली सरकारी लेबर एक्स्चेंज उघडली, चर्चिल तेव्हा व्यापार खात्याचा मंत्री होता आणि सगळी आखणी करणारा होता विल्यम बेव्हरिज. ह्या बेव्हरिजचा जन्म आपल्याकडचा, बंगालमधल्या रंगपूरचा, आता ते बांगलादेशात आहे. त्याआधी कामगार कारखान्याच्या दारोदार फिरायचा, आज काम आहे का म्हणून. ती पायपीट संपावी म्हणून एक दार, सगळ्यांना माहीत असलेलं. पुढं १९४२ मधे त्याच बेव्हरिजनं तो मोठा अहवाल लिहिला ज्याच्यावर इथली सगळी कल्याणकारी व्यवस्था उभी राहिली.

आपल्याकडचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज हे त्याचंच भावंड, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ च्या सुमारास सुरू झालेलं. माझ्या भावानं बारावीनंतर एक्स्चेंजला नाव घातलं होतं, ते कार्ड वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं, आणि रिन्यूअलची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं गोल केलेली असायची. कॉल येईल, कॉल येईल. कार्ड जपणारे वडील आणि पाकिटं जपणारे काका, मला दोघांचे हात सारखे दिसतात.

एक ताई येतात माझ्याकडं, गोव्याच्या, पेडण्याच्या बाजूच्या, कोकणी-मराठी मिसळून बोलतात, कानाला फार बरं वाटतं. पोर्तुगीज पासपोर्टवर इथं आलेले गोवेकर बरेच आहेत, स्विंडनला तर मोठी वस्ती आहे. ताई ऑफिस साफ करायच्या कामावर होत्या, पाठ गेली. त्यांच्याकडं प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपियन पासपोर्टवाल्यांना जे दिलं त्यातलं अर्धं. सेटल्ड असाल तर युनिव्हर्सल क्रेडिटचा रस्ता मोकळा, प्री-सेटल्डला नुसत्या स्टेटसवर मिळत नाही, काम करत होता वगैरे वेगळं सिद्ध करावं लागतं. ताईंनी सात वर्षं काम केलेलं, पे-स्लिपा डब्यात घालून ठेवलेल्या. पण त्या मला पहिल्या दिवशी काय म्हणाल्या, बाय, त्या दारांत गेले तर मला परत धाडतील काय गो? ह्या भीतीनं त्या चार महिने गेल्या नव्हत्या. चुलतभावाकडून उसने घेऊन दिवस काढले. त्यांना मी स्वतः सल्ला दिला नाही, हे नाजूक काम आहे, त्यासाठी इमिग्रेशनचा सल्ला द्यायची परवानगी असलेल्या लोकांकडंच जायचं. मी फक्त घेऊन गेले आणि शेजारी बसले.

इथल्या आपल्या मराठी लोकांना पण मला सांगायचंय. आपल्यातले बहुतेक व्हिसावर येतात आणि त्या व्हिसावर एक ओळ असते, नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी मदत मागायची नाही. ती ओळ मनात इतकी खोल जाते की पर्मनंट झाल्यावर, ओळ पुसली गेल्यावरसुद्धा माणूस जॉबसेंटरचं दार चढत नाही. लाज वाटते. फुकट खातो म्हणतील. माझ्या ओळखीतल्या एकाची नोकरी गेली, पर्मनंट होऊन तीन वर्षं झालेली, त्यानं बायकोचे दागिने मोडले पण तिकडं गेला नाही. आणि न्यू स्टाइल जेएसए म्हणून जो भत्ता आहे, सहा महिन्यांपर्यंत मिळणारा, तो तर आपण पगारातून भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळतो, पब्लिक फंड्सच्या यादीत तो नाहीच. आपणच भरलेलं आहे ते. लाज कसली त्यात.

पहिला पैसा यायला पाच आठवडे लागतात. जुना भत्ता दोन आठवडे पुढं चालू ठेवायचे, बाकीचं कसं काढायचं ते काढायचं, नाहीतर अ‍ॅडव्हान्स घ्यायचा आणि तो पुढं चोवीस महिने हप्त्यानं फेडायचा. काकांनी अ‍ॅडव्हान्स घेतला, अर्धाच. कर्ज नको म्हणाले. पंचविशीच्या पुढच्या एकट्या माणसाची मूळ रक्कम २०२५-२६ ला महिन्याला ४००.१४ पौंड होती, भाडं आणि आजारपणाचं वेगळं. पंधरवड्याला पैसे मोजायची सवय असलेल्या माणसाला एकदम महिन्याचं गणित. आम्ही दोघांनी एका वहीत रकाने आखले. आकडे त्यांना छान येतात. मशीनचे गेज, सुतांचे नंबर, सगळं डोक्यात. म्हणून मी रकान्यांना नावंच दिली नाहीत, चित्रं काढली, बल्ब, घर, ब्रेड, बस.

ते आता दर मंगळवारी येतात. काम असो नसो. आठवड्याची पाकिटं घेऊन येतात, एखादंच असतं, कधी तेही नसतं. पाकीट आता गठ्ठ्यात जात नाही, माझ्यासमोर बसून ते स्वतः फोडतात, बसपासच्या कडेनं, एका रेषेत, कागदाला जरासुद्धा इजा न होता. मग कागद उलगडून माझ्यापुढं सरकवतात आणि खिसे चाचपडतात. चष्मा घरी राहिला, मि डक. मी माझी खुर्ची फिरवून त्यांच्या डाव्या बाजूला घेते आणि वाचायला लागते, जरा मोठ्यानं.